तिशीच्या आसपास स्तनाचा कॅन्सर : "तुझं ते वय नाही" ऐकून गाठ तशीच ठेवू नका

रानजाई :

हा धागा मुद्दाम पंचविशी ते चाळिशीतल्या बायकांसाठी काढतेय. स्तनाच्या कॅन्सरबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक पन्नाशी धरून लिहिलेलं असतं, मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) करा, दरवर्षी करा वगैरे, आणि आपल्या वयाच्या बाईच्या हाताला गाठ लागली की घरचे, शेजारचे, कधीकधी डॉक्टरसुद्धा एकच म्हणतात, तुझं काही ते वय नाही.

मला ३२ व्या वर्षी निदान झालं. मुलगा दहा महिन्यांचा होता, अंगावर पीत होता, त्यामुळे डाव्या बाजूला गाठ लागली तेव्हा सगळ्यांच्या तोंडी "दुधाची गाठ". पहिल्या डॉक्टरांनी हाताने बघितलं, अँटिबायोटिक दिलं, शेकायला सांगितलं, बाळाला त्या बाजूला जास्त पाजा म्हणाले. गाठ गेली नाही. परत गेले तर दुसरं अँटिबायोटिक, सोनोग्राफीचं नावही निघालं नाही. पुढे लसीकरणाला गेले तेव्हा बाळाच्या डॉक्टरांना बोलता बोलता सांगितलं, तर त्या बाई म्हणाल्या, अगं दुधाची गाठ पाजून झाल्यावर मऊ पडते, कमी होते, ही तशीच राहते ना, मग आजच्या आज सोनोग्राफी कर. त्यांनीच चिठ्ठी लिहून दिली म्हणून पुढचं सगळं वेळेत झालं. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, ट्रूकट बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं. ट्रिपल निगेटिव्ह निघाला, म्हणजे ईआर, पीआर (कॅन्सरच्या पेशींवरचे हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (त्यांच्यावरचं एक प्रथिन) तिन्ही निगेटिव्ह, आणि हा प्रकार तरुण वयात जास्त दिसतो आणि भराभर वाढतो.

घराण्यात कुणाला आहे का विचारलं तेव्हा आई म्हणाली आमच्यात कुणालाच नाही, आणि तिच्या माहेरी खरंच नव्हतं. वडिलांकडचं कुणी विचारलंच नाही. जेनेटिक टेस्टमध्ये ब्राका-१ पॉझिटिव्ह आलं, म्हणजे त्या जनुकात दोष निघाला, तेव्हा बाबा गप्प बसले आणि मग सांगितलं की त्यांची थोरली बहीण चाळिशीत "पोटाच्या आजारानं" गेली, पोटात सारखं पाणी भरायचं. तो अंडाशयाचा असणार असं डॉक्टर म्हणाले. ब्राका-१ आणि ब्राका-२ यातला दोष स्तन आणि अंडाशय दोन्हीच्या कॅन्सरची जोखीम वाढवतो, आणि तो बापाकडूनही येतो, आईकडून जितका येऊ शकतो तितकाच, प्रत्येक मुलामुलीला निम्मी शक्यता. त्यामुळे आत्या, आजोबांच्या बहिणी, चुलत आत्या कशाने गेल्या ते आजच घरात विचारा. पोटाचा आजार, बाईचा आजार, गाठीचा आजार, असल्या शब्दांखाली आपल्याकडे फार काही दडलेलं असतं.

भारतात बायकांमध्ये आता सगळ्यात जास्त होणारा कॅन्सर हाच आहे. २०२२ साली देशात साधारण १ लाख ९२ हजार नवीन केसेस आणि ९८ हजारांच्या आसपास मृत्यू असा जागतिक कॅन्सर संस्थेचा अंदाज आहे. आणि आपल्याकडे तो युरोप-अमेरिकेच्या मानाने साधारण दहा वर्षं आधी गाठतो. घाबरवायचं नाहीये, आपल्या वयात लागणाऱ्या बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण साधी आहे हे तपासून ठरवायचं, वय बघून नाही. ज्यांनी भोगलंय, ज्यांच्या घरात झालंय, जे डॉक्टर आहेत त्या सगळ्यांनी लिहा प्लीज.


माजघर :

रानजाई, वाचून अंगावर काटा आला. बरी आहेस ना आता, काळजी घे.

मी २७ वर्षांची आहे, उजव्या बाजूला गाठ लागते, बोटाखाली सरकते, पाळीच्या आधी थोडी दुखते. आईला सांगितलं तर ती म्हणते आता स्थळं बघतोय, उगाच डॉक्टरकडे गेलीस आणि चार लोकांना कळलं तर काय, लग्न झालं की दाखव. मला झोप येत नाहीये. दुखतेय म्हणजे कॅन्सर नाही असं एका ठिकाणी वाचलं, खरंय का?


शल्या :

मी सर्जन आहे, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करते. माजघर, आधी तुमच्यासाठी लिहिते.

१५ ते ३५ या वयात सगळ्यात जास्त दिसणारी गाठ फायब्रोअॅडिनोमा, ती रबरासारखी, गुळगुळीत आणि हाताखाली निसटणारी असते, आणि ती कॅन्सर नसते. तुमचं वर्णन तसंच आहे. पण मी तुम्हाला तपासलेलं नाही, आणि तपासलं असतं तरी नुसत्या हाताने खात्री देता येत नाही. कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही हे खरं, पण दुखतेय म्हणून कॅन्सर नाहीच असा उलटा अर्थ काढू नका. सोनोग्राफी करून घ्या. तिशीच्या आत सोनोग्राफीच आधी करतात, कारण तरुण स्तन दाट असतो, मॅमोग्राफीत तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते, पांढऱ्यात पांढरं सापडत नाही. म्हणूनच "मॅमोग्राफी नॉर्मल आली" एवढ्यावर तरुण बाईला घरी पाठवणं धोक्याचं, हाताला गाठ लागत असेल तर सोनोग्राफी हवीच.

रिपोर्टवर खाली बायरॅड्सचा, म्हणजे कॅन्सरचा संशय किती ते सांगणारा, आकडा असतो तो बघा. २ म्हणजे साधी. ३ म्हणजे जवळपास साधीच, कॅन्सर असायची शक्यता २ टक्क्यांहून कमी, सहसा सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी सांगतात. ४ किंवा ५ असेल तर बायोप्सी, आणि ती टाळायची नाही. रानजाईंच्या बाबतीत जे झालं, म्हणजे औषधांनी न जाणारी गाठ आणि तरी इमेजिंग नाही, ते व्हायलाच नको. साध्या नियमात सांगायचं तर गाठीला हात, सोनोग्राफी आणि गरज असेल तर सुई, आणि तिन्हींचं उत्तर एकमेकांशी जुळायला पाहिजे. हाताला संशय आणि सोनोग्राफी नॉर्मल असेल तरी सुई लावायची.

सुईबद्दल. "सुई लावली की पसरतो" हे मी आठवड्यातून कितीदा ऐकते. पसरत नाही. तेवढ्याच जागेला भूल देऊन जाड सुईने दोन-चार बारीक तुकडे काढतात, तासाभरात बाई घरी जाते. उलट थेट चिरून गाठ काढून टाकणं आणि नंतर पॅथॉलॉजीला पाठवणं, हे कॅन्सर निघाला तर फार अडचणीचं होतं, कडा साफ नसतात, दुसरं ऑपरेशन करावं लागतं, ऑपरेशनआधी केमो देण्याचा पर्याय हातचा जातो. कुणी "छोटीशी आहे, काढून टाकू" म्हणालं तर आधी सुईची तपासणी मागा. आणि सीए १५-३ नावाची रक्ततपासणी करून "नॉर्मल आहे, कॅन्सर नाही" असं कुणी सांगितलं तर ते धरू नका, ती निदानाची तपासणी नाहीच.


इंद्रायणी :

माजघर, लग्नाचं ऐकून राहवलं नाही म्हणून लिहिते. मला २९ व्या वर्षी झाला, लग्न झालेलं नव्हतं, अजून नाही. आईला सोबत घेऊनच जा सोनोग्राफीला. रूममध्ये डॉक्टर जे बोलतात ते तिच्या कानावर पडू दे. माझ्या आईचा सूर तिथूनच बदलला. आणि रिपोर्ट साधा आला तर ती स्थळं बघायला मोकळी, तू झोपायला मोकळी.


बेलभंडारा :

मी आशा ताई आहे, बार्शीच्या पट्ट्यातली. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडं सरकारी तपासणी तीस वर्षांच्या पुढं आहे, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड असं तीन कॅन्सरचं बघतात, उपकेंद्रात सिस्टर हाताने तपासते. पण बाया येत न्हाईत. मी घरी जाऊन सांगते तर म्हणतात दुखत न्हाई मग कशाला. हेच सगळ्यात मोठं आहे बघा, दुखत न्हाई. दाढ दुखली की बाई सोलापूरला जाईल पण न दुखणारी गाठ वर्ष वर्ष पदराखाली ठेवील. मी बघितलेल्या एका बाईचं वय ३४, गाठ फुटून पाणी यायला लागलं तवा नवऱ्याला सांगितलं, तोवर हळद लावून फडकं बांधायची. ऊसतोडीला गेलेली, तिथं कुणाला दाखवणार. माणूस डॉक्टर असला तर उघडं कसं व्हायचं हाबी प्रश्न असतो.

आमच्या बार्शीत नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ ला इथंच चालू झाली. त्या नोंदीमुळं गावागावात माणसं फिरायची, लोकांना समजवायची, त्याचा फायदा झाला असं जुन्या सिस्टर सांगतात, बाया थोड्या लवकर यायला लागल्या. शहरापेक्षा खेड्यात हा कॅन्सर कमी आहे पण जी येते ती उशिरा येते. तुम्ही शिकलेल्या बायांनी गावाकडं आलात की जावेला, भावजयीला, घरी काम करणाऱ्या बाईला एकदा तरी इचारा, बाई गाठ वगैरे न्हाई ना.


वसईकर :

पुरुष म्हणून लिहितोय, चालेल ना. माझ्या बायकोला ३६ व्या वर्षी, पाचव्या महिन्यात असताना निदान झालं. दुसरं बाळंतपण. घरातल्या मोठ्यांनी पहिलं वाक्य काय काढलं तर बाळ ठेवू नका. आम्हालाही तसंच वाटलं होतं. मग टाटाला, परळला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की गर्भपात केल्याने हिचा कॅन्सर बरा व्हायची शक्यता वाढत नाही, आणि पहिले तीन महिने उलटून गेले असतील तर ठराविक केमो देता येतात, रेडिएशन मात्र बाळंतपणानंतर, हर-टूचं इंजेक्शनही गरोदरपणात देत नाहीत. सोनोग्राफी चालते, मॅमोग्राफी पोटावर शिल्ड घेऊन चालते.

केमोच्या दिवशी पहाटेची विरार लोकल, दादरला उतरून टॅक्सी, कारण तिला गर्दीत परळपर्यंत उभं राहणं शक्य नव्हतं. एका हाताला सलाईन आणि दुसरा हात पोटावर. बाळ लाथ मारायचं तेव्हा ती माझा हात ओढून तिथे ठेवायची. शेवटचं केमो आणि बाळंतपण यात तीनएक आठवड्यांचं अंतर ठेवलं, म्हणजे बाळाच्या आणि आईच्या पेशी सावरतात. मुलगी झाली, व्यवस्थित वजनाची, आता शाळेत जाते.

बायकांना सांगायचं ते बाकीच्या सांगतीलच, मी नवऱ्यांना सांगतो. तुम्हाला लागली गाठ हाताला तर लगेच बोला. आणि ओपीडीत फाइल तुम्ही धरा, तिला प्रश्न विचारू द्या. मी तिथे बघितलंय, डॉक्टर बाईला विचारतात आणि उत्तर नवरा देतो नाहीतर सासरा.


निसर्गस्नेही :

सगळ्यांना शुभेच्छा. पण केमोचे दुष्परिणाम बघता आधी नैसर्गिक उपाय करून बघायला काय हरकत आहे? ओळखीतल्या एका बाईंची गाठ काढ्याने विरघळली आहे. साखर पूर्ण बंद केली की कॅन्सरचं अन्नच तुटतं.


सावली :

निसर्गस्नेही, माझी चुलत बहीण होती, ३५ वर्षांची. निदान झालं तेव्हा गाठ लहान होती, काखेत एक गाठ, डॉक्टर म्हणाले बरी होशील. कुणीतरी असाच पत्ता दिला. पावसाळ्यापासून होळीपर्यंत ती काढे घेत राहिली, साखर, गहू, दूध सगळं बंद, वजन उतरलं की तो माणूस म्हणायचा विष बाहेर पडतंय. परत हॉस्पिटलला नेली तेव्हा यकृतात आणि हाडात पोचला होता. तिचा मुलगा पहिलीत होता. तुमच्या ओळखीतल्या बाईंची बायोप्सी झाली होती का, हे आधी विचारा. बायोप्सीशिवाय विरघळलेली गाठ बहुतेक पाण्याची असते, ती आपोआपही जाते.


धन्वंतरी_सातारा :

मी स्वतः बीएएमएस आहे, आयुर्वेदाचीच प्रॅक्टिस करते. सावली, तुमच्या बहिणीबद्दल वाचून वाईट वाटलं. स्तनात गाठ घेऊन आलेल्या कुठल्याही बाईला मी आधी सोनोग्राफीला पाठवते, रिपोर्ट हातात आल्याशिवाय एक चूर्णाची पुडी देत नाही. केमोच्या काळात तोंड येतं, बद्धकोष्ठ होतं, भूक जाते, त्यासाठी सुद्धा काही द्यायचं तर तिच्या ऑन्कॉलॉजिस्टला (कॅन्सरच्या डॉक्टरांना) विचारून, कारण काही वनस्पती केमोच्या औषधांबरोबर यकृतावर ताण आणतात. गाठ विरघळवण्याची वाट बघत बसू नका, आमच्याकडेही नाही.


रानजाई :

शल्या, तुमची पोस्ट मी प्रिंट काढून आमच्या महिला मंडळात वाचून दाखवणार आहे, परवानगी असेल तर.

बऱ्याच जणींनी मेसेज करून विचारलं केमोत लहान बाळाचं काय केलंस. केमोच्या आधी अंगावरचं बंद करावं लागतं. हळूहळू सोडवायला वेळच नव्हता, दूध आटायची गोळी दिली आणि पाजणं थांबलं. गाठीपेक्षा मला ते जड गेलं. तो माझ्या ओढणीत तोंड खुपसायचा, मी त्याला सासूबाईंकडे द्यायचे आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसायचे. सासूबाई त्याला नाचणीचं सत्त्व वाटी-चमच्याने भरवायच्या, तो फुर्र करून उडवायचा, त्या परत भरवायच्या, न चिडता. आठवडाभरात तो वाटी बघून हात पुढे करायला लागला. माझ्यापेक्षा लवकर सावरला.

सुरुवातीला जे लाल रंगाचं केमो देतात ते जास्त त्रासाचं, त्यातच केस जातात, मळमळ होते, लघवी लालसर होते त्याला घाबरू नका. नंतरचं पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला, त्यात हातापायाला मुंग्या. ट्रिपल निगेटिव्ह असेल तर त्याच्यासोबत कार्बोप्लॅटिन द्यायचं का हे नक्की विचारा. टाटा मेमोरियलच्याच अभ्यासात, २०२२ मध्ये त्यांनी तो अमेरिकेतल्या मोठ्या परिषदेत मांडला, पन्नाशी आणि त्याखालच्या बायकांना त्याचा स्पष्ट फायदा दिसला होता. ते औषध जुनं आहे, महाग नाही. आपल्या देशात, आपल्यासारख्या बायकांवर झालेला अभ्यास आहे, म्हणून मला त्याचं फार मोल वाटतं.

आणि एक, माझे दोन्ही स्तन काढायचे का हा प्रश्न ब्राकामुळे होता, तो माझा वेगळा निर्णय. पण तरुण आहे म्हणून सरसकट पूर्ण काढा असं कुणी म्हणत असेल तर कारण विचारा. गाठ काढून उरलेल्या स्तनाला रेडिएशन दिलं तर जगण्याच्या बाबतीत ते पूर्ण काढण्याइतकंच चांगलं आहे, हे वीस वर्षं बायकांचा पाठपुरावा करून २००२ सालीच सिद्ध झालंय.


ओसरी_ते_ओकलंड :

कॅलिफोर्नियात असते. रानजाईसारखीच आमच्या घरातही ब्राका आहे, माझ्या धाकट्या बहिणीला पुण्यात निदान झालं आणि मग इकडे माझी टेस्ट झाली, पॉझिटिव्ह. मला कॅन्सर नाही, पण दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी होते. ब्राका असेल तर साधारण पंचविशीपासून एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्राफीही असा प्रोटोकॉल आहे. इकडे सर्वसाधारण बायकांसाठी सरकारी तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये मॅमोग्राफीचं वय ५० वरून ४० वर आणलं, तरी आपल्यासारख्या तिशीतल्या त्यात बसतच नाहीत, म्हणून घराण्याची माहिती हेच आपलं स्क्रीनिंग.

मला खरा झगडा करावा लागला तो भाऊ आणि चुलतभावांशी. पुरुषांना वाटतं आपला काय संबंध. अरे तुझ्या मुलींचा आहे ना! ब्राका-२ असेल तर पुरुषांना स्वतःलाही प्रोस्टेटची जोखीम वाढते, पुरुषांना स्तनाचा कॅन्सरही होतो. शेवटी वहिनीने पुढाकार घेतला आणि भावाची टेस्ट करवली. टेस्टच्या आधी जेनेटिक काउन्सेलरशी बोला, नुसतं सँपल घरी बोलावून देऊ नका. आणि सगळ्यात आधी ज्या व्यक्तीला कॅन्सर झालाय तिची करा, तिच्यात दोष सापडला तर बाकीच्यांची नेमकी तेवढीच बघता येते, खर्चही कमी होतो.


केवडा२१ :

शल्या मॅडम, महिन्याला स्वतः तपासणं करावं की नाही? एकीकडे वाचते करा, दुसरीकडे वाचते उपयोग नाही.


शल्या :

चांगला प्रश्न. शांघायमध्ये कापड गिरण्यांमधल्या २ लाख ६६ हजार बायकांवर मोठा अभ्यास झाला, निम्म्यांना पद्धतशीर स्वतपासणी शिकवली. २००२ मध्ये निकाल आला, मृत्यू कमी झाले नाहीत, उलट साध्या गाठींच्या बायोप्स्या वाढल्या. म्हणून आता तारीख लावून, वहीत टिक करून तपासा असा आग्रह धरत नाहीत. पण स्वतःचं शरीर माहीत असणं वेगळं. आंघोळीच्या वेळी साबणाचा हात फिरतोच, नेहमीपेक्षा काही वेगळं लागलं, कातडी ओढली गेली, संत्र्याच्या सालीसारखी दिसली, बोंड आत गेलं, रक्त आलं, काखेत गाठ लागली तर दाखवा. पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांनी स्तन मऊ असतो, तेव्हा नीट कळतं.

प्रशिक्षित हातांचं मात्र वेगळं आहे. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये टाटाने वीस वर्षं अभ्यास केला, दीड लाखाहून जास्त बायका, त्यातल्या निम्म्यांची दर दोन वर्षांनी दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी हाताने तपासणी केली. २०२१ ला निष्कर्ष छापून आले. गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंमध्ये तसा ठाम फरक दिसला नाही. म्हणजे तरुण बायकांसाठी अजून कुठलीही सरसकट तपासणी पुरेशी ठरलेली नाही, आणि म्हणूनच गाठ घेऊन आलेल्या तरुण बाईला डॉक्टरने हलक्यात घेता कामा नये. हे मी माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगते.

रानजाई, जरूर वाचून दाखवा.


वसईकर :

पैशाचं कुणी विचारलं नाही पण लिहून ठेवतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतं, आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, ॲडमिट व्हायच्या आधी तिथे जा, आधी पैसे भरून मागून योजनेत घालता येत नाही. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रॅस्टुझुमॅबची (हर-टूवरच्या इंजेक्शनची) भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच बनवलेली औषधं मिळतात, मूळ ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त. रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एकाला उपचारासाठी जाताना सवलत असते, हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं. परळला राहायची सोय नसेल तर नाना पालकर स्मृती समितीत आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा, जागा पटकन मिळेलच असं नाही, पण टाटाच्या समाजसेवा विभागातून चिठ्ठी घेऊन जा. आणि नागपूर, बार्शी, छत्रपती संभाजीनगर इथेही कॅन्सर हॉस्पिटलं आहेत, सगळंच मुंबईला व्हायला पाहिजे असं नाही. केमो गावाजवळ आणि ऑपरेशन मुंबईला असं बरेच जण करतात.


माजघर :

सोनोग्राफी झाली. आई आली होती. बायरॅड्स ३, फायब्रोअॅडिनोमा वाटतेय, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. डॉक्टर म्हणाल्या वाढली तर लगेच या, थांबू नका. आईने बाहेर येऊन मला काही न बोलता उसाचा रस पाजला आणि रात्री मावशीला फोन करून सांगत होती की तूही दाखवून घे. सगळ्यांचे मनापासून आभार. सहा महिन्यांनी परत इथेच लिहीन.


शल्या :

छान झालं. तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा, तेवढी चुकवू नका.


गोदाकाठ :

मी नाशिकहून. माझी बहीण ३१ वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालीत, मूल नाही. ईआर पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. पुढच्या आठवड्यात केमो सुरू करायचं म्हणालेत. काल ती एवढंच म्हणाली, दादा, मला आता मूल होणार नाही ना. मला काय उत्तर द्यावं सुचलं नाही. कुणाला माहिती असेल तर सांगा, डॉक्टरांनी हा विषय काढलेला नाही.


इंद्रायणी :

गोदाकाठ, दादा, माझंही सेम ईआर पॉझिटिव्ह. हा विषय मलाही कुणी काढून दिला नव्हता, मीच विचारला. नीट वाचा.

केमोने अंडाशयावर परिणाम होतो, पाळी थांबू शकते, काहींची परत येते, काहींची नाही, वय जितकं कमी तितकी परत यायची शक्यता जास्त. म्हणून केमोच्या आधी स्त्रीबीजं किंवा, लग्न झालंय तर, भ्रूण गोठवून ठेवता येतात. त्यासाठी साधारण दोन आठवडे लागतात, पाळीची वाट बघावी लागत नाही, कुठल्याही दिवशी सुरू करतात, आणि हार्मोन पॉझिटिव्ह असेल तर इंजेक्शनांसोबत लेट्रोझोलची गोळी देतात म्हणजे इस्ट्रोजेन (बाईच्या शरीरातलं हार्मोन) फार चढत नाही. एवढा उशीर तिच्या केसमध्ये चालेल का हे ऑन्कॉलॉजिस्टच सांगतील, बहुतेक वेळा चालतो. खर्च बराच आहे आणि तो योजनेत धरून चालू नका. ते जमणार नसेल तर केमोच्या काळात अंडाशय झोपवून ठेवणारं महिन्याचं इंजेक्शन असतं, त्यानेही बचाव होतो, पण गोठवण्याइतकी खात्री नाही.

नंतर पाच ते दहा वर्षं हार्मोनची गोळी असते, तेव्हा मूल कधी होणार असं तिला वाटेल. २०२३ मध्ये पॉझिटिव्ह नावाचा अभ्यास आला, पाचशेहून जास्त बायका, सगळ्या ४२ किंवा त्याखालच्या वयाच्या, त्यांनी दीड ते अडीच वर्षं गोळी घेऊन मग मूल होण्यासाठी जास्तीत जास्त दोन वर्षं थांबवली. जवळपास तीन चतुर्थांश बायकांना दिवस गेले, ६४ टक्क्यांना मूल झालं, आणि तीन वर्षांच्या पाठपुराव्यात कॅन्सर उलटण्याचं प्रमाण न थांबवलेल्यांइतकंच राहिलं. लांबचा पाठपुरावा चालू आहे. तेव्हा "होणार नाही" असं तिला कुणी म्हणू देऊ नका. मी बीजं ठेवलीत. लग्न करेन की नाही माहीत नाही पण ती ठेवलीत हे मला रोज बळ देतं.

आज शनिवार आहे, सोमवारची वाट बघू नका. ऑन्कॉलॉजिस्टच्या असिस्टंटला आत्ताच फोन करा आणि फर्टिलिटीच्या डॉक्टरांना भेटेपर्यंत केमोची तारीख पुढे ढकलता येईल का विचारा. जाताना बायोप्सी आणि आयएचसीचा (ईआर, पीआर, हर-टू सांगणारा) रिपोर्ट, सोनोग्राफी, शेवटच्या पाळीची तारीख आणि दोघांची आधार कार्डं न्या. एएमएच नावाची, अंडाशयात बीजं किती उरलीत त्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी सांगतील, ती कुठल्याही दिवशी होते, उपाशीपोटी जावं लागत नाही. बहिणीला बोलावंसं वाटलं तर मला मेसेज टाका, नंबर देते, संध्याकाळी सातनंतर मी मोकळी असते.


गोदाकाठ :

फोन केला ताई. सोमवारी सकाळी ११ ला फर्टिलिटी सेंटरला बोलावलंय, केमो तोपर्यंत थांबवलंय. बहिणीला तुमची पोस्ट वाचून दाखवली, ती नंबर मागतेय.